ईसीजी नॉर्मल असताना हृदयाच्या आणखी तपासण्या कराव्यात का?

होय, आपले वय ३८, कोणताही त्रास नाही आणि ईसीजी नॉर्मल, तरीही रक्तदाब, लिपिड प्रोफाइल (रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर चरबी) आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) या तपासण्या आपण कराव्यात, कारण आपल्या वडिलांना ५१व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि जवळच्या पुरुष नातेवाइकाला ५५च्या आत हृदयविकार होणे हा स्वतंत्र धोका मानला जातो. आराम करताना काढलेला ईसीजी जेमतेम १० सेकंदांची विद्युत हालचाल टिपतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे साचणारी चरबी त्यात दिसत नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे लवकर येतो असे आढळले, आणि त्यामागची धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर ही बहुतेक कारणे आधी कळल्यास आटोक्यात आणता येतात. रक्तदाब मात्र नीट मोजून घ्यावा: अर्धा तास आधी चहा नको, पाच मिनिटे शांत बसावे, पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधू नये आणि हात टेबलावर छातीच्या पातळीत टेकलेला असावा (घाईच्या दवाखान्यात हे क्वचितच पाळले जाते). लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा, बहुतांशी आनुवंशिक कण) आयुष्यात एकदा तपासले तरी सहसा पुरते. त्रास नसताना आरोग्य तपासणीच्या पॅकेजमधील स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) सरसकट करू नये, कारण ती खोटी शंका निर्माण करू शकते. मात्र चालताना छातीत दडपण येत असेल, तर हा सल्ला लागू नाही, थेट हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे.