भयपटांतील खलनायक : वाचकांचे प्रश्न, मानसोपचारतज्ज्ञांची उत्तरे

भयपट आणि मनाचे आरोग्य यांविषयी येणाऱ्या पत्रांत तेच गैरसमज पुन्हा पुन्हा आढळतात, म्हणून त्यांपैकी काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मुखवटा घातलेला, एक शब्दही न बोलणारा खलनायक आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा अधिक भीतिदायक का वाटतो?

समोरच्या माणसाच्या मनात काय चालले आहे, याचा अंदाज आपण त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून आणि हालचालींवरून सतत बांधत असतो. मुखवटा हा मार्गच बंद करतो. १९७८ च्या ‘हॅलोवीन’ या भयपटातील खुनी मायकेल मायर्सचा मुखवटा मुळात ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील कॅप्टन कर्कचा, बाजारात मिळणारा साधा मुखवटा होता. त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोके मोठी केली आणि त्याला पांढरा रंग दिला. चेहऱ्याचा आकार माणसाचा राहिला, पण त्यावर राग, दया, थकवा यांपैकी काहीच वाचता येईना. शिवाय तो बहुधा धावत नाही, संथपणे चालत येतो. त्याला विनवावे, समजवावे किंवा घाबरवावे, तर धरायला काही सापडत नाही, आणि भीती वाढते ती तेथे.

प्रश्न : ‘सत्यघटनेवर आधारित’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते खरे मानावे का?

तेवढ्यावरून मुळीच मानू नये. एखादा धागा खरा असला, तरी ती ओळ तिकिटे खपवण्यासाठी छापलेली असते.

प्रश्न : मला हृदयविकार आहे. भयपट पाहिला तर चालेल का?

आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पाहू नये.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले आहे. चित्रपटांतले खुनी मनोरुग्ण पाहून नातेवाईक त्याला टाळतात, आणि एका परिचितांनी औषधांआधी ‘बाहेरचे’ काही आहे का, ते पाहून घ्या असे सुचवले आहे. काय करावे?

डॉक्टरांनी दिलेली औषधे सुरू नसतील तर आजच सुरू करा, ती थांबवू नका आणि पुढची भेट चुकवू नका. बाकीचे त्यानंतर वाचा. खलनायकाचे मन वाचता येत नाही म्हणून तो भिववतो, हे वर सांगितले. परंतु कथेला कारण हवे असते, आणि अनेक लेखक ती रिकामी जागा ‘वेडा आहे’ एवढ्या दोन शब्दांनी भरून टाकतात. १९६० च्या ‘सायको’ या चित्रपटात खुनी नॉर्मन बेट्सच्या मनात त्याची मृत आई वावरते आणि अखेरीस एक मानसोपचारतज्ज्ञ ते प्रेक्षकांना समजावून सांगतो, ‘हॅलोवीन’चा खुनी तर मनोरुग्णालयातूनच पळालेला असतो. एका देहात दोन व्यक्ती असणे म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा समज अशा कथांमुळे घट्ट झाला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. स्किझोफ्रेनियात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, निराधार संशय पक्के होतात, विचारांची संगती तुटते, आणि बहुतेक वेळा सर्वाधिक घाबरलेला असतो तो रुग्णच. गंभीर मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती कधीही हिंसा करत नाहीत. उलट त्याच हिंसेच्या बळी ठरण्याची शक्यता अधिक असते. उपचार थांबणे आणि व्यसन यांमुळे धोका वाढू शकतो, म्हणून या दोन्ही बाबी डॉक्टरांपासून लपवू नयेत. देवऋषी, अंगारे आणि ‘एका बैठकीत बरे करू’ अशा जाहिरातींमागे महिने घालवणारी कुटुंबे मी सतत पाहतो, आणि पहिल्या लक्षणांपासून उपचारांपर्यंतचा काळ जितका लांबतो तितके बरे होणे अवघड होते, हे सांगताना मला शब्द मवाळ करता येत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला उपचारांचा आणि सन्मानाचा हक्क दिला आहे. नातेवाइकांना एकदा त्याच्या डॉक्टरांकडे सोबत न्या, अर्थात भावाच्या संमतीने. रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीने मामाबरोबर भयपट पाहिला, तेव्हापासून ती एकटी झोपत नाही. पुन्हा दाखवला तर भीती मोडेल, असे घरचे म्हणतात.

पुन्हा दाखवू नका. लहान मुले खलनायकाच्या रूपाला घाबरतात, आणि ‘ते खोटे आहे’ हे वाक्य त्या वयात फारसे उपयोगी पडत नाही. जवळ बसणे, दिवा ठेवणे आणि तिला काय दिसते ते चित्रातून किंवा शब्दांतून सांगू देणे अधिक उपयोगी ठरते. चित्रपटाच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर आता ७, १३ आणि १६ वर्षे असे वयाचे टप्पे छापलेले असतात. ते मामांनीही वाचावेत. दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, किंवा शाळेत जाणे आणि खाणेपिणे बिघडले, तर ताईत न शोधता बालमानसतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : पहाटे जाग येते, पण हलता येत नाही आणि चित्रपटातली ती बाई छातीवर बसलेली दिसते. ही बाधा आहे का?

नाही. झोपेतून मेंदू जागा होतो, पण स्नायू काही क्षण शिथिलच राहतात आणि स्वप्नातली प्रतिमा उघड्या डोळ्यांसमोर दिसते. अपुरी झोप आणि ताण यांमुळे हे वाढते. वारंवार होत असेल किंवा दिवसाही अनावर झोप येत असेल, तर झोपेच्या विकारांच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्या, आणि तोवर स्वतःहून झोपेच्या गोळ्या घेऊ नका.