बोटं तिथंच जातायत, काय करू?

प्रश्न : दादा, बँडमध्ये बास गिटार वाजवतो, पण हल्ली कुठलंही गाणं घ्या, रूट, फिफ्थ, ऑक्टेव्ह, त्याच तीन ठरलेल्या नोटा, संपलं. यूट्यूबवर स्लॅपचे (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याचे) धडे बघून बघून अजूनच कंटाळा आलाय. नवीन काही सुचतच नाही.

उत्तर : अरे, स्लॅप आधी बंद कर बघू! जेम्स जेमर्सनचं ऐकलंयस का? साठच्या दशकात मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या ढीगभर हिट गाण्यांवर त्याचा बास आहे आणि उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, वापरायचा पठ्ठ्या, तारासुद्धा सहसा बदलायचा नाही. तूही आठवडाभर एकाच बोटाने वाजव, ब्रिजपाशी, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथे, तारांखाली स्पंजचा तुकडा खुपस, नोट लगेच विझते आणि मग आपोआप पुढची कुठे टाकायची याचा विचार करावा लागतो.

दुसरं म्हणजे बास बाजूला ठेवून लाइन आधी तोंडाने गा, मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि मग ती बासवर शोधत बस, कारण बोटांना सवय असते, गळ्याला ती नसते. मेट्रोनोमची, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राची, टिकटिक चारातल्या फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठेव, पहिल्यांदा जाम गडबडशील, गडबडू दे. सगळ्यात जाड ई तार सैल करून तिचा सूर डीपर्यंत खाली उतरवलास तर त्या तारेवरचे तुझे सगळे पाठ झालेले बोटांचे आकार मोडतात, मला तरी हाच सगळ्यात भारी उपाय वाटतो.

आणि ड्रमरला सोबत घे रे, फक्त त्याच्या किकशी, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी, खेळ, गिटारवाल्याला तेवढं घरी पाठव.