लंडनच्या बागेत सदाहरित मर्टल लावलं तर हिवाळ्यात टिकेल का?

हो, टिकेल, फक्त दक्षिणेकडे तोंड असलेल्या, उन्हाच्या भिंतीलगत जमिनीत लावा. झुडूप मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, पण उणे ५ अंशांपर्यंतची थंडी सहसा निभावून नेतं. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या वाइट बेटावर, व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बर्न हाउस या वाड्यात तर ते तिच्या काळापासून आहे, अर्थात तिथली समुद्राकाठची हवा जरा सौम्य. खरा घात करतात ते मुळाशी साचलेलं पाणी आणि बोचरा वारा. लंडनकडची माती चिकट, म्हणून वाफा वीतभर उंच करून त्यात जाडी वाळू आणि पालापाचोळ्याचं खत मिसळा. लावणी एप्रिल-मेमध्येच करा, म्हणजे थंडीआधी मुळं धरतात. हिवाळ्यात पानांच्या कडा करपल्या तर लगेच कात्री चालवू नका. वसंतात फांदीची साल नखाने किंचित खरवडून बघा. आत हिरवं दिसलं की तिथून फुटवा येतोच. छाटणीही तेव्हाच करा, उशिरा केलीत तर उन्हाळ्याच्या उत्तरार्धातली पांढरी सुवासिक फुलं हुकतील. जागा लहान असेल तर मर्टलचाच 'टॅरेंटिना' हा प्रकार घ्या: बुटकं, दाट आणि वारा जास्त सोसणारं. कोवळं रोप मात्र पहिले दोन हिवाळे कडाक्याच्या रात्री फ्लीसने (रोपं झाकायच्या हलक्या, पातळ कापडाने) झाकावंच लागेल.