खडूचा डबा

मे महिना लागला की माझ्या सदाशिव पेठेतल्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, पुणं सोडवत नाहीये." कॉट बेसिसची खोली, मेसचा डबा, पहाटेची पर्वती यांची हुरहूर असतेच. ती महिन्या-दोन महिन्यांत आपोआप विरते, त्यासाठी माझी गरज नसते. पण कॉलेजात असताना एखाद्या वस्तीत काम केलेली मुलं येतात, तेव्हा त्यांच्या हुरहुरीत अपराधीपणा कालवलेला असतो. "मी त्यांना अर्ध्यावर टाकून चाललोय," हे इतक्यांदा ऐकलं, की आता लिहायलाच घेतलं.

मुक्ता परभणीची. (नाव बदललंय, तपशीलही दोन-तीन जणांचे एकत्र केलेत.) राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास, दोन वर्षांचे 240 तास काम करायचं असतं. हिचे ते केव्हाच भरले होते. तरी तिसऱ्या वर्षीही आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ती दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत मुलांचा अभ्यास घ्यायला जायची. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि वस्तीतल्या मुलांची वह्या-पुस्तकं वाहून गेली. त्यानंतर तिच्या कॉलेजच्या तेव्हाच्या मुलांनी ही अभ्यासिका सुरू केली होती. आता मुक्ताला बंगळुरूला नोकरी लागली होती, जुलैत हजर व्हायचं होतं. आणि तिची झोप उडाली होती.

"मुलांना काय सांगितलंस?"

"अजून काहीच नाही. गावी जाऊन येते म्हणणार आणि हळूहळू... त्यांना त्रास नको ना."

पहिल्या दोन भेटींत ती स्वतःला फक्त दोष देत होती. मी तिची समजूत घातली नाही. 'तू खूप केलंस' असं म्हणणं सोपं असतं, पण अपराधी माणसाला ते शिव्यांसारखं लागतं. तिसऱ्या भेटीत मी वेगळंच विचारलं.

"तुझ्या आधी कोण शिकवायचं गं तिथे?"

"एक सीनियर ताई होती."

"ती गेल्यावर मुलं किती दिवस विचारत होती?"

"बापरे, महिनाभर! रोज. ताई कधी येणार, ताई रागावली का. कारण तिने जाताना सांगितलंच..."

ती थांबली. खाली जिलब्या मारुतीच्या बाजूने रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. मी गप्प राहिले; अशा वेळी गप्प राहायला मला बरीच वर्षं लागली आहेत. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "म्हणजे मी त्यांचा त्रास वाचवत नाहीये. माझा वाचवतेय."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारांच्या वाटेवरची: घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्टी विचारच माणसाला जास्त छळतो, असं ही वाट मानते. त्यांनी 1955 च्या सुमारास मांडलेला हा मुद्दा मला मराठीत एका अक्षरात सापडतो: 'च'. मी तिला तिचीच वाक्यं वाचून दाखवली. 'मीच त्यांना समजते.' 'मी नसले तर सगळं बंदच पडेल.' ती हसली, मग डोळे पुसायला लागली. तिला दोन भीत्या होत्या. मुलांचं कसं होईल ही एक. दुसरी उच्चारायला अवघड: आपल्यावाचून त्यांचं नीट चाललं तर? सेवा योजनेचं ब्रीद सांगतं, मी नव्हे, तुम्ही. त्या ब्रीदाच्या आडून 'मीच' किती सहज घुसतो, हे मला या मुलांकडून कळलं. अर्थात मी त्यांना यासाठी कधी रागावत नाही. विशीत कुणाला तरी आपण हवे असणं ही मोठीच गोष्ट असते.

मग कामाचं बोललो. हेच मी बाकीच्यांनाही सांगते. जायची तारीख किमान चार आठवडे आधी मुलांना सांगा, आणि कारणही खरं सांगा. 'दिवाळीला नक्की येईन' म्हणू नका. मुलं दिवाळीपर्यंत दिवस मोजतात. तुमच्या जागी येणाऱ्याला निदान तीन-चार वेळा सोबत न्या आणि तेव्हा मागे बसा. कोणाला भागाकार अडतो, कोणाच्या घरी संध्याकाळी दिवा नसतो, हे वहीत लिहून त्याच्या हाती द्या. मुलं रडली तर त्यांना लगेच हसवायला जाऊ नका. वाईट वाटणं खरं आहे, ते राहू द्या. काढून टाकायचा तो फक्त गुन्हा केल्याचा भाव.

मुक्ताने हे सगळं केलं, एवढं सोडून की नवा दादा शिकवत असताना तिने त्याला तीनदा मध्येच दुरुस्त केलं. चालायचंच.

शेवटच्या भेटीला आली ती थेट वस्तीतून. एका मुलीने तिला पत्र दिलं होतं, दोघं-तिघं खूप रडले होते. आणि चौथीतल्या एका पोराने एवढंच विचारलं होतं, "ताई, खडूचा डबा ठेवून जाणार ना?"

"मग?" मी विचारलं.

"ठेवला." तिने सॅक उघडून दाखवली. "डस्टर मात्र चुकून माझ्याकडेच आलंय, मॅडम."