गट गप पडलाय, आता काय करायचं?

वाचकांचे प्रश्न. या अंकात: वेब डिझायनरांचे ऑनलाइन गट

प्रश्न: आमचा कोल्हापुरातल्या वेब डिझायनरांचा गट २०११ पासून आहे. जुनी प्रश्नोत्तरं स्वतःच्या संकेतस्थळावर आहेत, बोलणं टेलिग्रामवर चालतं. साडेतीनशे सभासद, पण महिन्याला पाच-सहा संदेश, त्यातले निम्मे ‘सुप्रभात’. चालवणारे आम्ही तिघं. एक म्हणतो बंद करू, दुसरा म्हणतो फेसबुकवर नेऊ. ठरवायचं कसं? (राजारामपुरी)

उत्तर: ‘चालू ठेवायचा का?’ अशी मतं मागवू नका. सगळे ‘हो’ दाबतात, कारण त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. मागच्या बारा महिन्यांचे संदेश काढून बसा आणि तीन गोष्टी मोजा: खरे प्रश्न किती आले, त्यातल्या किती प्रश्नांना दोन दिवसांत उत्तर मिळालं आणि उत्तर देणारी माणसं किती. तिसरा आकडा सगळ्यांत बोलका. प्रश्न येताहेत पण उत्तरं तुम्ही तिघंच देताय, तर तुम्ही फुकटची हेल्पलाइन चालवताय.

प्रश्न का आटले हेही बघा. ‘चौकट मधोमध कशी आणायची’ हे आता कुणी गटात विचारत नाही. २०१७ मध्ये ब्राउझरांत ग्रिड (पानावर चौकटी मांडायची सोय) आल्यावर ती शंका निम्मी संपली, उरलेली लोक एआयला विचारतात. छोट्या दुकानदाराचं तयार टेम्प्लेटवर भागतं. पण शिरोलीच्या फौंड्रीला परदेशी खरेदीदारासाठी कास्टिंगचा कॅटलॉग कसा मांडून द्यायचा, हुपरीच्या चांदीचे फोटो चकाकी न मारता कोण काढून देतं, ॲडव्हान्स किती घ्यायचा, चार-चार महिने मजकूरच न देणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करायचं, हे गावातल्या माणसालाच विचारावं लागतं. देवनागरीचंही तसंच. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, किंवा पानाची भाषा मराठी अशी नोंदवली नाही तर फाँटात सोय असूनही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, हे मराठी डोळ्यालाच आधी खटकतं.

उत्तरं द्यायला पाच जण तरी तयार असतील तर गट एवढ्याच विषयांपुरता ठेवा, सहा महिन्यांची मुदत घाला आणि कुठला आठवडा कुणाचा हे आधीच लिहून काढा. पाचच का? दोघं मार्चअखेरच्या कामात अडकले तरी तिघं उरतात, एवढाच आमचा हिशेब. पाच निघाले नाहीत तर बंद करा, पण नीट.

फेसबुकचा विचार सोडा. गप बसलेले सभासद नव्या जागी येत नाहीत, आधीपासून बोलणारेच येतात. जुनी उत्तरं मागं राहतात आणि नव्या जागी लिहिलेलं एकगठ्ठा बाहेर काढता येत नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये आणि याहू ग्रुप्स २०२० मध्ये बंद झालं, तेव्हा तिथल्या गटांच्या हातात काही नव्हतं.

प्रश्न: गटाचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, ज्याच्या नावावर आहे तो मित्र पुण्याला गेलाय, त्याला आता रस नाही. मुदत दोन महिन्यांत संपते. (शाहूपुरी)

उत्तर: आधी त्याच्याकडून एक वर्षाचं नूतनीकरण करून घ्या, पैसे तुम्ही द्या. हस्तांतर त्यानंतर. डोमेन ज्या कंपनीकडे नोंदवलंय तिथंच तुमचं खातं असेल तर एका खात्यातून दुसऱ्यात नाव सरकवणं सगळ्यांत सोपं. कंपनी बदलायची असेल तर डोमेनवरचं हस्तांतराचं कुलूप काढावं लागतं, ऑथ कोड (हस्तांतराचा गुप्त संकेत) लागतो आणि त्याचा नोंदवलेला ईमेल चालू लागतो. बहुतेक गाडी इथंच अडते, कारण तो ईमेल जुन्या नोकरीतला निघतो. नोंदणी किंवा आधीचं हस्तांतर होऊन ६० दिवस झाले नसतील तर थांबावं लागेल.

डॉट कॉमची मुदत चुकली तर कंपनी फार तर ४५ दिवस सवलत देते. काही कंपन्या खूप कमी देतात. नंतरचे ३० दिवस भरमसाट दंड भरून नाव सोडवता येतं, पुढचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि मग ते कुणालाही मिळतं. जुन्या नावांवर टपलेले असतात ते जुगाराच्या साइटवाले. सभासदांनी गिऱ्हाइकांच्या साइटवर तळाला तुमच्या गटाची लिंक दिली असेल, तर उद्या गुजरीतल्या सराफाच्या साइटवरून लोक थेट सट्ट्यावर जातील. म्हणून गट बंद केला तरी डोमेन आणखी दोन-तीन वर्षं भरत राहा.

प्रश्न: बंद करताना जुनं साहित्य जपायचं कसं? आमचं सॉफ्टवेअर जुनं आहे, स्पॅम फार येतं. (गोकुळ शिरगाव)

उत्तर: पहिल्या दिवशी नवी नोंदणी बंद करा, नाहीतर साफ केलेलं परत घाण होतं. मग डेटाबेस आणि फाइली यांचा वेगवेगळा बॅकअप घ्या. नुसत्या फाइली उतरवल्या तर चित्रं येतात, उत्तरं येत नाहीत. स्पॅम काढल्यावर एचटीट्रॅक या संकेतस्थळ उतरवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरने स्थिर प्रत (डेटाबेसशिवाय उघडणारी साधी पानं) बनवा. ती लॉगआउट असताना काढा, म्हणजे खासगी संदेश त्यात शिरणार नाहीत. प्रश्नचिन्ह असलेले पानांचे जुने पत्ते स्थिर प्रतीत बदलतात. जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारी यादी केली नाही तर गुगलवरून येणारा माणूस ‘पान सापडलं नाही’वर आदळतो. प्रत १ जीबीच्या आत असेल तर गिटहब पेजेस या सेवेवर फुकट राहते. वेबॅक मशीन या जुनी पानं साठवणाऱ्या संग्रहातही मुख्य पानं जतन करून ठेवा.

शिवाजी, किरण अशा जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर तो शोधात कधीच सापडणार नाही. रूपांतरानंतर ऱ्हस्व इकार आणि रफार डोळ्यांनी तपासा, कारण त्या फाँटांत इकार व्यंजनाच्या आधी टाइप होतो. फ्लॅशची (ॲनिमेशनचं जुनं तंत्र) उत्तरं पुसू नका, वर ‘२०२० नंतर निरुपयोगी’ असा शेरा मारा.

लिखाणाचा हक्क लिहिणाऱ्याचाच असतो. तीस दिवसांची सूचना द्या, ज्याला आपलं काढायचं असेल त्याचं काढा. फोन आणि ईमेल मात्र न विचारता पुसा.

प्रश्न: नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात वर्गणी शिल्लक आहे. वाटून घ्यायची का? (लक्ष्मीपुरी)

उत्तर: नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे विसर्जनाला किमान तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते आणि देणी भागवून उरलेलं दुसऱ्या संस्थेलाच द्यावं लागतं. धर्मादाय कार्यालयाची कागदपत्रं आपल्या सीएंकडून तपासून घ्या. नोंदणीच नसेल तर आधी डोमेनचे पुढचे पैसे बाजूला काढा, उरलेले परत करा आणि हिशेब गटात टाका.

प्रश्न: टेलिग्राम गटाची मालकी दुसऱ्याकडे देता येत नाही, काय चुकतंय? (राजारामपुरी)

उत्तर: तुमच्या खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सात दिवस झालेले नसतील. तोवर संगणकावरच्या टेलिग्राममधून गटाचा सगळा इतिहास एचटीएमएल स्वरूपात उतरवून घ्या.