दोघांनी मिळून शाळेसाठी पुस्तक आणि सॉफ्टवेअर करताना काम कसं वाटून घ्यावं?

तुम्ही आर्वीजवळच्या खेड्यात, सोबती अमरावतीत. माती-पिकांच्या प्रयोगांचं पुस्तक आणि त्याच्या जोडीला सरावाचं सॉफ्टवेअर करायचंय.

धडे अर्धे-अर्धे वाटू नका. एकाने लिहायचं, दुसऱ्याने लेखकाला फोन न लावता, निव्वळ छापील मजकूर वाचून प्रयोग करायचा. 'माती पाण्यात ढवळा' एवढ्यावर तो अडणारच. 20 ग्रॅम माती, 50 मिली डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास अधूनमधून ढवळणं, मग सामू (आम्ल-अल्कपणा) मोजणं, असं लिहिलं तर अडणार नाही. एकाने 'सामू' आणि दुसऱ्याने 'पीएच' लिहिलं तर पोरांना त्या दोन गोष्टी वाटतात. म्हणून शब्दांची यादी आधी करा, आणि ती एकाच्याच ताब्यात ठेवा.

खरी डोकेदुखी टायपिंगची. 'पऱ्हाटी' घ्या. एक जण ऱ, हलन्त, ह असं टाइप करतो. दुसऱ्याच्या कीबोर्डवर र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह आणि ह असं उमटतं. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण प्रोग्रामला वेगळे. पोरगं बरोबर लिहितं आणि सॉफ्टवेअर 'चूक' म्हणतं! युनिकोडचं (कम्प्युटरवरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांचं) नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, हे जुळवत नाही. उत्तर तपासण्याआधी एक रूप दुसऱ्यात बदलणारी कोडची ओळ स्वतःच लिहावी लागते.

शाळेत नेट नसेल हे धरूनच चला. पेनड्राइव्हवरचं पान डबल-क्लिकने उघडलं की क्रोम ब्राउझर शेजारची जेसन फाइल (प्रश्नांसारखी माहिती साठवायची टेक्स्ट फाइल) फेचने, म्हणजे पानातल्या कोडमधून, वाचू देत नाही. प्रश्न जावास्क्रिप्ट फाइलमध्येच ठेवा, आणि ती पानाला स्क्रिप्ट टॅगने जोडा.

मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, गिटवर (फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामवर). लाईन गेली तरी लॅपटॉपवर कमिट (बदलाची नोंद) होतं, रेंज आली की पुश, म्हणजे ते सोबत्यासाठी नेटवर चढवायचं. व्हॉट्सॲपवरच्या 'फायनल-2'ला थारा नको. छापखान्यातल्या प्रुफातली दुरुस्तीही त्याच दिवशी मूळ फाइलमध्ये चढवा. दुसऱ्या आवृत्तीत जुन्या चुका परत येतात त्या इथूनच.

दोस्ती कितीही पक्की असो, दोघांच्या सहीशिवाय हक्क द्यायचे नाहीत हे कागदावर घ्या. प्रकाशकाच्या करारात मुदत आणि प्रदेश तपासा. मुदत लिहिली नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती 5 वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.