कॉमर्सवाल्यांनी आयटीत जायचं म्हणजे

“मॅडम, माझं सगळं कॉमर्स. आता कोडिंग कधी शिकणार आणि मला घेणार कोण?” अकाउंट्स, बँका, विमा कंपन्यांतून माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येणाऱ्यांची गाडी हमखास इथेच अडते.

दोनेक वर्षांपूर्वी आलेली ही त्यातलीच. एम.कॉम., वय ३१, चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्सला. एका क्लासने सहा महिन्यांत फुल-स्टॅक डेव्हलपर करून ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ कबूल केली होती; फीसाठी कर्जाची सोयही त्यांचीच. फॉर्म पर्समध्येच होता.

म्हटलं, फॉर्म राहू दे. महिन्याच्या १४ तारखेनंतर काय करतेस ते सांग. (त्या दिवशी जीएसटीचं २बी, म्हणजे व्हेंडरनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांचं स्टेटमेंट, पोर्टलवर येतं. आमच्या घरात एक सीए आहे, त्यामुळे ही तारीख मला पाठ.)

मग ती मोकळेपणी बोलायला लागली. २बी खरेदीच्या नोंदींशी जुळवायचं. व्हेंडरने बिल नंबर ‘०४५’ टाकलेला, आपल्याकडे ‘४५’. की एक्सेलमधल्या, नोंदी जुळवणाऱ्या व्हीलुकअपने हात वर केलेच. पुढे एकेक ओळ डोळ्यांनी तपासायची, कारण २० तारखेच्या आत ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचं असतं. यातलं निम्मं काम तिने यूट्यूबवर बघून एक्सेलच्याच पॉवर क्वेरीत आपोआप होईल असं बसवलं होतं. तेही तिने जाता जाता सांगितलं, जसं काही विशेष नाहीच.

हेच आयटीत कामाला येतं. एसएपी हे कंपन्यांचे हिशेब-व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर; त्याच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपतोय. कंपन्या नव्या एस/४हाना आवृत्तीकडे निघाल्यात. तिथे व्हेंडरचं खातं, टीडीएस, महिनाअखेर ही काय भानगड असते, हे प्रोग्रामरला समजावणारं माणूस लागतंच.

पण नुसतं फायकोचं (एसएपीतल्या हिशेबाच्या भागाचं) सर्टिफिकेट घेऊन वणवण करणारेही मी पुष्कळ पाहिलेत. “कुठल्या प्रोजेक्टवर होतात?” या प्रश्नावर मुलाखत संपते. म्हणून तिला आधी स्वतःच्याच कंपनीत विचारायला सांगितलं. तिथे सिस्टीम बदलायचं घाटत होतं. अकाउंट्सकडून की-यूजर, म्हणजे आपल्या विभागातर्फे नवी सिस्टीम तपासून घेणारं माणूस, व्हायला कुणी तयार नव्हतं, रोजचं काम सांभाळून करायचं म्हणून. हिने हात वर केला. टेस्ट केसेस लिहिल्या, रात्री घरी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकली. क्लासचा फॉर्म तसाच राहिला.

पुढे हिंजवडीत फंक्शनल कन्सल्टंट, म्हणजे हिशेबाचं काम प्रोग्रामरला समजावणारी, म्हणून नोकरी लागली. पगार सुरुवातीला आधीपेक्षा थोडा कमीच. घराचा हप्ता चालू असताना ही घट किती महिने झेपेल, याची शीट तिने नवऱ्याला आधीच करून दाखवली होती. अकाउंटंटच ती.